ड्राइव्ह बिघडला की वाट अडली?

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. मात्र कधीकधी फांदी खरोखरच कावळ्याने मोडलेली असते, आणि पंचाईत होते ती तेव्हा!

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आमच्या प्रयोगशाळेत एक सीडी आणली. तिच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या २००६ साली तिच्यावर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. आजी आता नाही आणि दुसरी प्रतही नाही. आमच्या जुन्या संगणकाला सीडी-डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह आहे. पण आदल्याच आठवड्यात त्यावर नवी कार्यप्रणाली चढवली होती. पाहतो तो काय, ड्राइव्हचे चिन्हच पडद्यावरून नाहीसे! दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी 'ड्राइव्ह गेला, नवा घ्या' असा निकाल दिला.

तपासणीआधीच निकाल! असे करून कसे चालेल? तबकडीवरील माहिती आपल्यापर्यंत येते ती एका साखळीतून. लेसरचा किरण भिंगातून तबकडीवर पडतो, परावर्तित होऊन प्रकाशसंवेदकावर येतो, तेथे त्याचा विद्युत्-संकेत होतो, तो तारेतून संगणकात जातो आणि मग कार्यप्रणाली तो स्वीकारते. एवढ्या कड्या एकेक करून तपासण्यापेक्षा साखळी मधोमध तोडून पाहावी. म्हणजे कार्यप्रणालीला बाजूला ठेवून ड्राइव्ह चालतो का ते पाहावे.

हे सोपे आहे. संगणक सुरू होताच, कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी, 'बायॉस' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम जोडलेल्या उपकरणांची हजेरी घेतो. त्या यादीत आमच्या ड्राइव्हचे नाव होते. मग संगणक ज्यावरून सुरू होऊ शकतो अशी एक डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली आणि संगणक तिच्यावरून चालू केला. तो झाला! म्हणजे मोटर, भिंग, तार सारे ठीक. दोष कार्यप्रणालीच्या बाजूला.

विंडोज कार्यप्रणालीत असा दोष पुष्कळदा एका जुन्या पाहुण्यामुळे येतो. सीडीवर लिहिण्याचे काही प्रोग्रॅम संगणक आणि ड्राइव्ह यांच्या वाटेवर आपला एक 'फिल्टर' बसवतात. त्याचे नाव रजिस्ट्री या नोंदवहीत 'अपरफिल्टर्स' किंवा 'लोअरफिल्टर्स' या नोंदीखाली राहते. कार्यप्रणाली बदलली की तो फिल्टर निकामी होतो, पण नाव तसेच राहते. मग नाक्यावर शिपाई नाही, म्हणून फाटकही उघडत नाही! डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि १९ किंवा ३९ असा दोषक्रमांक दिसतो. प्रथम तेथून ड्राइव्हची नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करावा. भागले नाही, तर रजिस्ट्रीची प्रत राखून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सीडी-डीव्हीडीच्या विभागातील त्या दोन नोंदी काढाव्यात. फक्त त्याच विभागातील बरे का! कळफलकाच्या विभागातही 'अपरफिल्टर्स' असते. ते पुसले, तर कळफलक मुका होतो.

(डीव्हीडीवरील फायली दिसतात पण चित्रपट लागत नाही, ही तक्रार वेगळी. विंडोजबरोबर येणाऱ्या मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून काढून टाकण्यात आली. तेथे व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम घालावा.)

नोंदी काढल्या, चिन्ह परत आले, डीव्हीडी उघडली. मग ओव्यांची सीडी घातली. ड्राइव्ह घरघरला आणि थांबला.

मुले म्हणाली, "सर, पुन्हा कार्यप्रणालीच!" खरे तर आमच्या चाचणीतच एक भोक राहिले होते. डीव्हीडी वाचतो ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर. सीडीसाठी असतो ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. डीव्हीडीवरील नागमोडी नव्हे, तर गोगलगाईच्या शंखासारख्या सर्पिल रेषेची वळणे ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, सीडीवर १.६. बारीक खुणांना आखूड तरंगलांबी लागते. तेव्हा डीव्हीडी चालली, यावरून सीडीच्या लेसरविषयी काहीच सिद्ध होत नाही. (म्हणून ड्राइव्ह उघडून आत डोकावू नका. अवरक्त किरण दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.)

आता दुसरी एखादी सीडी घालून पाहणे ओघानेच आले. ती चालली! म्हणजे उरली ती ओव्यांची तबकडीच. खिडकीशी तिरपी धरली, तर अंगठ्याचा तेलकट ठसा स्पष्ट दिसला. किरण केंद्रित होतो तो १.२ मिलिमीटर खाली. पृष्ठभागावर त्याचा ठिपका जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो. धुळीचा कण त्यात हरवून जातो, पण एवढा ठसा त्याला अडवतो.

मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसले. गोल गोल मुळीच नाही. रेषेच्या लांबीवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत माहिती पुसली गेली तरी सीडीची दोषसुधारणा ती भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक वळण जेमतेम छेदतो. गोल ओरखडा मात्र एकाच वळणाचा लांबवर नाश करतो.

या वेळी सीडी उघडली. आधी जात्याची घरघर आली, मग आवाज. त्याच दुपारी दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या प्रती केल्या.