बोगदा एकच, दर चार

अमेरिकेतल्या एक्स्प्रेस कार वॉशमध्ये गाडी बोगद्यात शिरण्याआधी एका स्क्रीनपाशी थांबते. स्क्रीनवर तीन-चार पॅकेजेस असतात. समजा १०, १५, २० आणि २५ डॉलरची. सर्वांत महागडे ठळक आणि रंगीत, सर्वांत स्वस्त कोपऱ्यात. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे निवड काही सेकंदांत उरकावी लागते. पैसे भरले की दांडी वर जाते, चालक गाडी न्यूट्रलला टाकतो आणि कन्व्हेअरचा रोलर चाकामागे येऊन तिला पुढे ढकलू लागतो.

दहा डॉलरची गाडी आणि पंचवीस डॉलरची गाडी एकाच बोगद्यातून, एकाच वेगाने जातात. ब्रश तेच, शेवटचे ब्लोअरही बहुधा तेच. निवडलेल्या पॅकेजप्रमाणे कंट्रोलर कुठले व्हॉल्व्ह उघडायचे तेवढे ठरवतो: चाकांवरचा फवारा, गाडीच्या पोटाखालची धुलाई, मेण, सिरॅमिकचा थर, टायरची चकाकी. या जादा रसायनांचा खर्च दरांतल्या फरकापुढे किरकोळ असतो. धंद्याचा खरा बोजा जागा, यंत्रे आणि कर्जाचे हप्ते यांचा, आणि तो गाडी आली काय, न आली काय, चालूच राहतो. त्यामुळे वरच्या पॅकेजचे जादा पैसे बहुतांशी नफ्यातच जमा होतात.

मात्र काचेआड बसलेल्या गिऱ्हाइकाला त्या पैशांचे काहीतरी दिसावे लागते. म्हणून फेस लाल, पिवळा, निळा. रंगाने गाडी तसूभरही जास्त स्वच्छ होत नाही. सिरॅमिकचे पैसे भरलेली गाडी कमानीखाली आली की कमानीवरची अक्षरे उजळतात; पैसे न भरलेल्यासाठी तीच कमान अंधारात राहते. पोटाखालची धुलाई मात्र निव्वळ देखावा नव्हे. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला गंज चढवते.

महागडा पर्याय वाढवला की त्याच्या खालचा आपोआप ‘मधला’ होतो आणि जास्त खपतो, हे ग्राहकांच्या निवडीचे अभ्यासक इटामार सायमनसन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. पंचवीसचे पॅकेज फारसे विकले गेले नाही तरी ते वीसच्या पॅकेजला वाजवी ठरवते. स्पेशल थाळीचा भाव वाचल्यावर साधी थाळी जशी परवडणारी वाटते, तसेच. तळच्या पॅकेजचे गणित नाजूक असते. ते नीरस असावे, पण वाईट नसावे; गाडी डागाळलेली बाहेर आली तर गिऱ्हाईक वरचे पॅकेज घेत नाही, दुसरे दुकान गाठते.

सुट्या दरांचे मोठे काम मात्र निराळेच आहे: मासिक सदस्यत्व स्वस्त भासवणे. एका धुलाईला २५ आणि महिनाभर हव्या तेवढ्या वेळा धुवायला ४० असा भाव असेल, तर दुसऱ्याच खेपेला पैसे वसूल. मालकाला त्यातून पावसाळी आठवड्यातही बुडत नाही असे उत्पन्न मिळते. काचेवरचा टॅग किंवा नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा सदस्याला ओळखतो आणि दांडी उघडतो. पाकीट काढायचा प्रसंगच येत नाही. अॅरिझोनातल्या टूसॉनच्या ‘मिस्टर कार वॉश’ या मोठ्या कंपनीची धुलाईची सत्तर टक्क्यांहून अधिक विक्री अलीकडे सदस्यत्वातूनच होते.

रोज येणारा सदस्य मालकाला महाग पडतो, महिनोन्‌महिने न फिरकणारा ती कसर भरून काढतो. दोघांचा दर एकच. दरवाढ करताना अडचण या दुसऱ्याचीच असते. नव्या सदस्यांना नवा भाव लावणे सोपे. जुन्यांना मात्र आधी कळवावे लागते, आणि त्या संदेशानेच कित्येकांना आठवते की आपल्या कार्डावरून दर महिन्याला पैसे जात आहेत.