विहिरीतला कंदील आणि खाणीतला दिवा

येरळेच्या काठी, वडूजसारख्या अवर्षणग्रस्त गावांतून, जुनी पडीक विहीर उपसावयाची झाल्यास आत माणूस उतरविण्यापूर्वी दोराला पेटता कंदील बांधून तो तळापर्यंत सोडून पाहणे, ही शहाण्या शेतकऱ्याची खबरदारी होय. कंदील विझला, तर तळाशी जड वायू साचून प्राणवायू उणा पडला आहे असे समजून कोणी खाली पाऊल टाकीत नाही.

परंतु हाच रिवाज कोळशाच्या खाणीत चालवू गेल्यास अनर्थ ओढवतो. वडूज ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच्या भूमीखाली अग्निजन्य काळा पाषाण असल्याने अशी खाण तेथे नाही. दगडी कोळसा आढळतो तो दूर चंद्रपूर (पूर्वीच्या चांदा) जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात, जेथे वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने खाण चालविली होती. कोळशाच्या थरांत कोंडलेला मिथेन वायू खणताना मोकळा होतो आणि हवेतील त्याचे प्रमाण शेकडा 5 ते 15 च्या दरम्यान आले, की उघडी ज्योत विझून इशारा देत नाही, ती स्फोटच घडविते. इंग्लंडात फेलिंग येथील खाणीत 25 मे 1812 रोजी झालेल्या अशा स्फोटात 92 माणसे व मुले मृत्युमुखी पडली. मेणबत्तीवाचून उजेड नाही आणि मेणबत्तीच काळ, अशा पेचात सापडलेल्या खाणकामगारांनी पोलादी चाकावर गारगोटी घासून ठिणग्यांच्या उजेडातही काम करून पाहिले. पण त्या ठिणग्यांनीही वायू पेट घेई.

1815 साली हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीभोवती बारीक तारेच्या जाळीचे नळकांडे बसविले. वायू जाळीतून आत शिरून ज्योतीपाशी जळे, परंतु धातूची जाळी उष्णता शोषून घेऊन पसरवीत असल्यामुळे ज्वाळा बाहेरच्या वायूस शिवत नसे. त्याच सुमारास क्लॅनी व जॉर्ज स्टीफन्सन या संशोधकांनीही स्वतंत्रपणे खाणीसाठी सुरक्षित दिवे सिद्ध केले होते. डेव्हीने मात्र आपल्या दिव्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. वायू वाढताच ज्योतीवर निळसर टोपी चढे आणि प्राणवायू घटताच ती मालवे. म्हणजे हा दिवा प्रकाश देता देता साक्षही देई.

तथापि त्याचा उजेड मंद होता, जोराच्या झोतात ज्वाळा जाळीबाहेर येई आणि जाळीला कोठे भोक पडले तर संरक्षण संपे. शिवाय दिव्याच्या भरवशावर पूर्वी सोडून दिलेल्या धोकादायक थरांतही माणसे धाडली जाऊ लागली, त्यामुळे मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. विहिरीवर दोर धरणारा आणि आत उतरणारा बहुधा एकाच घरचे असतात, म्हणून कंदिलाची साक्ष तत्काळ मानली जाते. खाणीत हुकूम देणारा वर उजेडात असतो आणि दिवा धरणारा खाली अंधारात. म्हणूनच दिवा जपण्याइतकीच, ज्योत पालटताच काम थांबविण्याचा हक्क त्या खालच्या माणसाच्या हाती असण्याची गरज आहे.