उच्चशक्ती रॉकेटविद्या

उच्चशक्ती रॉकेटविद्या हा साध्या प्रतिकृती रॉकेटांपेक्षा मोठी, जड व अधिक शक्तिशाली रॉकेटे (अग्निबाण) स्वतः बांधून उडवण्याचा छंद आहे. त्याचा उगम व विस्तार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. या छंदात रॉकेट उंच जाणे एवढेच पुरेसे मानले जात नाही. ते पॅराशूटच्या साहाय्याने सुरक्षित खाली उतरले आणि पुन्हा उडवण्याजोगे राहिले, तरच ते उड्डाण यशस्वी ठरते. रॉकेटांची रचना, उडवणाऱ्यांची परीक्षा आणि सुरक्षानियम या तिन्हींवर या अटीचा ठसा दिसतो.

व्याख्या

अमेरिकेतील प्रचलित नियमांनुसार मोटरचा एकूण आवेग १६० न्यूटन-सेकंदांपेक्षा अधिक, सरासरी रेटा ८० न्यूटनपेक्षा अधिक, प्रणोदक (इंधन व ऑक्सिडीकारक यांचे मिश्रण) १२५ ग्रॅमपेक्षा अधिक किंवा उड्डाणसमयीचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक असल्यास रॉकेट उच्चशक्ती गटात मोडते. यापेक्षा लहान रॉकेटांना प्रतिकृती रॉकेटे म्हणतात. ती उडवण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही.

इतिहास

१९५४ मध्ये नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथील पादत्राणांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाईल यांनी आपले बंधू रॉबर्ट यांच्यासाठी कागदी नळीचे, तयार मोटर बसवता येणारे आणि पॅराशूटने उतरणारे लहान रॉकेट बनवले. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक अवकाशात सोडल्यानंतर अमेरिकन किशोरवयीन मुलांत रॉकेटांचे वेड पसरले. धातूच्या नळीत घरगुती मिश्रणे ठासून उडवण्याच्या प्रयत्नांत अनेक जण जखमी झाले. न्यू मेक्सिकोतील व्हाईट सँड्स या लष्करी चाचणीक्षेत्रावर काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाईन यांना कार्लाईल यांच्या रचनेत या संकटावर उपाय दिसला. रॉकेट मुलांनी बांधावे, पण मोटर कारखान्यात तयार झालेली व तपासलेली असावी, हे तत्त्व त्यांनी पुरस्कारले. १९५७ मध्येच ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन झाली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी मोटरी यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनवण्यास आरंभ केल्यावर हा छंद देशभर पोहोचला.

प्रतिकृती रॉकेटांवरील वजनमर्यादा अनुभवी छांदिष्टांना कालांतराने अपुरी वाटू लागली. १९८२ मध्ये ओहायो राज्यातील मेडायना येथे ‘लार्ज डेंजरस रॉकेट शिप्स’ असे गमतीदार नाव धारण केलेला मोठ्या रॉकेटांचा मेळावा भरला. पुढे तो वार्षिक झाला. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियात विद्यार्थ्यांचे विज्ञानमंडळ म्हणून सुरू झालेली ‘ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’ १९८० च्या दशकात उच्चशक्ती रॉकेटांची राष्ट्रीय संघटना बनली.

मोटर व तिचे वर्गीकरण

लहान प्रतिकृती रॉकेटांत बहुधा काळ्या दारूची मोटर असते. उच्चशक्ती मोटरींत प्रामुख्याने संमिश्र घन प्रणोदक वापरले जाते. त्यात अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिडीकारक, रबरासारखे बंधक आणि अनेकदा ॲल्युमिनियमची भुकटी असते. अमेरिकन अवकाशयानांच्या घन इंधनावरील बूस्टर रॉकेटांतही याच कुळातील प्रणोदक वापरले गेले. अनेक मोटरींचे ॲल्युमिनियमचे कवच पुन्हा पुन्हा वापरता येते व प्रत्येक उड्डाणासाठी प्रणोदकाच्या वड्या नव्याने भराव्या लागतात.

मोटरींचे वर्ग त्यांच्या एकूण आवेगानुसार रोमन लिपीतील अक्षरांनी दर्शवतात. प्रत्येक पुढील अक्षराबरोबर आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘एच’ वर्गाची कमाल मर्यादा ३२० न्यूटन-सेकंद, ‘आय’ची ६४०, ‘जे’ची १,२८०, तर ‘ओ’ची ४०,९६० न्यूटन-सेकंद आहे. अक्षरापुढील आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. उदाहरणार्थ, ‘जे ३५०’ अशी खूण असलेल्या मोटरचा एकूण आवेग ७०० न्यूटन-सेकंद असेल, तर ती सुमारे २ सेकंद जळेल. रॉकेटचा उरलेला चढ केवळ मिळालेल्या वेगावर होतो.

बांधणी व स्थिरता

रॉकेटाचे अंग जाड पुठ्ठ्याच्या किंवा फायबरग्लासच्या नळीचे असते. पंख प्लायवूड वा फायबरग्लासचे कापून ते इपॉक्सीने नळीच्या भिंतीतून आतील मोटरनळीपर्यंत जोडतात, कारण वेगवान हवेत ढिले पंख थरथरून तुटू शकतात.

दिवाळीच्या बाणाला सरळ ठेवण्याचे जे काम काडी करते, ते येथे पंख करतात. रॉकेटाचा गुरुत्वमध्य त्याच्या दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेच्या बलांचा परिणाम ज्या बिंदूवर एकवटतो त्याच्या, पुढे असावा लागतो. या दोहोंतील अंतर निदान नळीच्या एका व्यासाइतके ठेवण्याचा प्रघात आहे. तसे असल्यास रॉकेट किंचित तिरके होताच पंखांवरील हवेचा दाब त्याला पुन्हा मूळ दिशेला वळवतो. दाबकेंद्र गणिताने काढण्याची सुलभ पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छांदिष्टांपुढे मांडली. ती आजही संगणकीय आज्ञावल्यांत वापरली जाते. मात्र पंखांचा प्रभाव पुरेसा वेग आल्यावरच जाणवतो. त्यामुळे आरंभी रॉकेट उभ्या रुळाच्या आधाराने सरळ वर सोडतात.

परतीचा प्रवास

पॅराशूट न उघडलेले रॉकेट टोक खाली करून कोसळते. १,००० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग, हवेचा विरोध नसता तर, जमिनीजवळ ताशी सुमारे ५०० किलोमीटर झाला असता. निमुळत्या रॉकेटाला हा विरोध कमीच होतो. म्हणून या छंदातील सर्वांत गंभीर धोका चढताना नव्हे, तर उतरताना संभवतो.

याउलट पॅराशूट फार उंचावर उघडल्यास रॉकेट वाऱ्याने दूर वाहून जाते. ३,००० मीटर उंचीवरून सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरण्यास ६०० सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा रॉकेटाला ३ किलोमीटर दूर नेतो. यावर उपाय म्हणून दुहेरी पॅराशूटपद्धती वापरतात. परमोच्च बिंदूवर लहान पॅराशूट उघडते व रॉकेट सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने खाली येते. जमिनीपासून २५० मीटरवर मोठे पॅराशूट उघडले, तर एकूण उतरण १६० सेकंदांत पूर्ण होते आणि रॉकेट सुमारे ८०० मीटरच वाहून जाते.

हे दोन्ही क्षण रॉकेटातील उंचीमापक ठरवतो. तो हवेचा दाब मोजतो व योग्य वेळी विद्युत्प्रवाह सोडून काळ्या दारूचा अल्प भार पेटवतो. त्या वायूच्या दाबाने रॉकेटाचे भाग विलग होतात आणि पॅराशूट बाहेर पडते. बाहेरील हवेचा दाब उंचीमापकापर्यंत पोहोचावा म्हणून नळीला छिद्रे ठेवावी लागतात. ध्वनीच्या वेगाजवळ या दाबात अचानक चढउतार होतात, त्यामुळे उंचीमापकाची फसगत होऊन पॅराशूट अवेळी उघडू नये, अशी तजवीज करतात.

प्रमाणन

उच्चशक्ती मोटर विकत घेण्यासाठी व उडवण्यासाठी वर उल्लेखिलेल्या दोन्ही संघटना तीन पातळ्यांवर प्रमाणपत्र देतात. पूर्ण प्रमाणपत्रासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.

पहिली पातळी: ‘एच’ व ‘आय’ वर्गांच्या मोटरी. स्वतः बांधलेले रॉकेट परीक्षकासमोर उडवून परत मिळवावे लागते.
दुसरी पातळी: ‘जे’, ‘के’ व ‘एल’ वर्ग. उड्डाणाबरोबर लेखी परीक्षाही असते.
तिसरी पातळी: ‘एम’, ‘एन’ व ‘ओ’ वर्ग. आराखडा व बांधणीची नोंद आधी जाणकार परीक्षकांना दाखवावी लागते आणि एक यंत्रणा बंद पडल्यास दुसरी पॅराशूट उघडेल, अशी दुहेरी व्यवस्था असावी लागते.

रॉकेट कितीही उंच गेले, तरी पॅराशूट न उघडल्यास किंवा ते पुन्हा उडवता येणार नाही इतके मोडल्यास उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो.

सुरक्षानियम

मोटर केवळ विद्युत्प्रज्वलकाने दुरून पेटवतात. रॉकेटाचे वजन मोटरच्या सरासरी रेट्याच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक नसावे, प्रक्षेपणाचा कोन उभ्या रेषेपासून २० अंशांच्या आत असावा आणि वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असे नियम आहेत. मोटर न पेटल्यास ६० सेकंद थांबल्याशिवाय कोणीही रॉकेटाजवळ जात नाही. संघीय विमानवाहतूक प्रशासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते व ढगांत रॉकेट सोडण्यास मनाई आहे. त्यामुळे नेव्हाडातील ब्लॅक रॉक वाळवंटासारखी विस्तीर्ण, निर्मनुष्य मैदाने या छंदाची प्रमुख केंद्रे बनली.

प्रणोदकाविषयीचा खटला

अमेरिकेच्या मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके विभागाने अमोनियम परक्लोरेटयुक्त संमिश्र प्रणोदकाची गणना स्फोटकांत केली होती. त्यामुळे छांदिष्टांना परवाने व साठवणुकीच्या कडक अटी लागू होत. हे प्रणोदक वेगाने जळते, पण स्फोट पावत नाही, असे म्हणत दोन्ही संघटनांनी २००० मध्ये न्यायालयात दाद मागितली. किती वेगाने जळणारा पदार्थ स्फोटक मानावा, याचा स्पष्ट निकष विभागाने दिलेला नाही, असे अपील न्यायालयाने २००६ मध्ये नमूद केले. अखेर मार्च २००९ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय न्यायालयाने हे वर्गीकरण रद्द ठरवले.

उल्लेखनीय उड्डाणे

२५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँड राज्यात स्टीव्ह ईव्हज यांनी सॅटर्न ५ या चांद्ररॉकेटाची एकदशांश आकाराची, सुमारे ११ मीटर उंच व ७५० किलोग्रॅम वजनाची प्रतिकृती उडवली. ती सुमारे १,३५० मीटर उंच गेली व पॅराशूटांनी उभीच्या उभी जमिनीवर उतरली.

उच्चशक्ती गटाच्या मर्यादेपलीकडील हौशी रॉकेटांनी अवकाशाची सीमाही ओलांडली आहे. १७ मे २००४ रोजी ‘सिव्हिलियन स्पेस एक्सप्लोरेशन टीम’ या गटाचे रॉकेट ब्लॅक रॉक वाळवंटातून सुमारे ११६ किलोमीटर उंचीवर पोहोचले. १०० किलोमीटरची मर्यादा पार करणारे हे पहिले हौशी रॉकेट होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याच वाळवंटातून सोडलेल्या रॉकेटाने सुमारे १४३ किलोमीटर उंची गाठली.