भिंतीवरची रेघ आणि पुण्याचा अंदाज

शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या भिंतीवर अब्बांनी खिळ्याने एक रेघ कोरून ठेवली आहे. २००५ च्या महापुराचे पाणी तिथवर आले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये जिल्ह्याला रेड अलर्ट असल्याचे मोबाईलवर वाचले, तेव्हा आम्ही सर्वांनी त्या रेघेकडे पाहिले. “याच्या वर पाणी येत नाही,” अब्बा म्हणाले. पिठाचे डबे, मुलांची दप्तरे, घराची कागदपत्रे रेघेच्या वीतभर वरच्या फळीवर ठेवून आम्ही निर्धास्त झोपलो.

पाणी रेघ ओलांडून फळीवर चढले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली. माणसे सुखरूप राहिली, अल्लाहचे शुक्र. पण कागदपत्रांचा लगदा झाला आणि अम्मीचे शिलाई मशीन कायमचे बंद पडले.

आम्ही जुन्या रेघेवर विश्वास ठेवला, अंदाजावर नाही. हा अंदाज तयार कसा होतो, हे तरी आम्हाला कुठे ठाऊक होते?

हवेला सरहद्द नसते. आपल्याकडे पडणारा पाऊस दूरच्या समुद्रावरून येतो. म्हणून जगभरातले देश हवामानाच्या नोंदी एकमेकांना देतात. आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच असतात, त्याच वेळांना जगातल्या अनेक केंद्रांतून फुगे आकाशात सोडले जातात. त्यांच्यासोबतची यंत्रे वरच्या हवेचे तापमान, दमटपणा आणि दाब कळवतात. राजकारणात ज्यांचे पटत नाही, तेही या कामात एकमेकांना धरून असतात.

या नोंदींवरून पुढचे हवामान काढणाऱ्या गणिताच्या मांडणीला ‘मॉडेल’ म्हणतात. पृथ्वीवर चौकटींचे जाळे कल्पून प्रत्येक चौकटीतल्या हवेचा हिशेब करायचा. हे काम एका खात्याच्या आवाक्यातले नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने ‘मान्सून मिशन’ सुरू केले. त्यात पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, हवामान खाते आणि नोएडाचे केंद्र एकत्र आले. देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांनाही सोबत घेतले. अमेरिकेच्या सरकारी केंद्राचे मॉडेल घेऊन ते आपल्या मान्सूनसाठी सुधारायचे, असे ठरले. नोएडाच्या केंद्राने ब्रिटनच्या हवामान खात्याशी हातमिळवणी केली. २०१६ च्या उन्हाळ्यापावसाळ्यात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठ यांच्यासह अनेकांनी मिळून, खास विमानातून मान्सूनच्या हवेची मोजणी केली.

या मेहनतीतून पुढे पुण्यात ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ तयार झाली. २६ मे २०२५ रोजी ती देशाला अर्पण करण्यात आली. आधीच्या जागतिक मॉडेलची चौकट १२ किलोमीटरची होती, हिची ६ किलोमीटरची आहे. म्हणजे जुन्या एका चौकटीत आता चार बसतात. तिचा हिशेब करायला पुण्यात ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे. तो एका सेकंदाला सुमारे ११८ कोटी गुणिले १ कोटी इतक्या आकडेमोडी करू शकतो.

आपल्या जिल्ह्याला याचे मोल काय? गगनबावड्यात धो धो पाऊस चालू असतो, तेव्हा शिरोळला ऊन पडलेले असते. सह्याद्रीचा कडा काही किलोमीटरांतच कोकणात उतरतो. मोठ्या चौकटीत हा चढ-उतार सपाट होऊन जातो. आणि शाहूपुरीचा पूर शाहूपुरीच्या पावसाने येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या खोऱ्यांत जे पडते, ते पंचगंगेतून आपल्या दारी येते. घाटावर नेमका किती पाऊस होणार, हे जितके अचूक कळेल तितकी तयारीला सवड मिळेल.

अंदाज चुकूही शकतो. ६ किलोमीटरच्या चौकटीला आपली गल्ली दिसत नाही, आणि पावसाचा अंदाज म्हणजे पुराच्या पातळीचा अंदाज नव्हे. म्हणून दोन्ही पाहावे लागते. रंगांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. हवामान खात्याचे ‘मौसम’ ॲप मराठी घरांतही सहज वापरता येते. ते पाहताना घाटमाथ्याचा इशाराही वाचा, केवळ शहराचा नव्हे. सोबत राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहा. ३९ फूट ही इशारा पातळी. ती गाठली की बोचके बांधायला घ्यावे.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. या वेळी आम्ही इशारा वाचला, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पाणी गल्लीत येण्याआधीच अम्मी-अब्बांना खालाच्या घरी, उंच भागात पोहोचवले. अब्बा निघताना कुरकुरले, पण निघाले.

ती जुनी रेघ भिंतीवर आजही आहे. मुलांना आम्ही ती दाखवतो आणि सांगतो, पाणी कुठवर आले होते एवढेच ही सांगते. उद्या कुठवर येईल, हे विचारायला मोबाईल उघडा.