मनीऑर्डरीवर उभं राहिलेलं घर

गिरणीचा पगार दहा तारखेच्या आत व्हायचा. ही मालकांची मेहेरबानी नव्हती. हजार किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार दिलाच पाहिजे, हे 1936 च्या वेतन कायद्याने ठरवून दिलं होतं. त्याच्या अर्धशतक आधी, 1884 साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना निदान पंधरा तारखेपर्यंत पगार मिळावा यासारख्या मागण्यांसाठी हजारो कामगारांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरात यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. पण पंधरवडा उलटला की पोस्टमन कुठल्याही दिवशी पाखाडी चढून येईल, हे पोराटोरांनाही कळायचं.

माझे आजोबा मुंबईच्या एका कापड गिरणीत विणकर होते. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत भाताच्या चार कुणग्यांवर एवढं मोठं घर भागेना, म्हणून मिसरूड फुटायच्या वयात ते दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले. गावचा एक माणूस आधीच गिरणीत होता. त्याच्या ओळखीने माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरपर्यंत पोचायचं आणि बदलीवर लागायचं, ही तेव्हाची रीत. बदली कामगार रोज पाळी सुरू होण्याआधी फाटकावर उभा राही. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर चालत परत. अशी कितीतरी वर्षं काढल्यावर कायमचा पास हाती येई.

मागखात्याबद्दल आजोबा फार बोलत नसत. मी जे जाणतो ते त्यांच्या सोबत्यांकडून आणि पुढे वाचून. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत, खिडक्या बंद. शेकडो मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशीही खुणांनीच बोलायचं. विणकराकडे साधारणपणे दोन माग असत आणि मजुरी निघालेल्या कापडावर मिळे. धागा तुटला की माग थांबला, माग थांबला की पैसे थांबले. म्हणून सगळी पाळी उभ्याने, डोळे धाग्यावर. कापसाच्या धुळीने छाती भरायची. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी श्वास जास्त कोंडतो, ही या धुळीने होणाऱ्या आजाराची डॉक्टरांनी नोंदलेली खूण. आजोबांचे कान साठीच्या आतच गेले होते. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत आणि ते मात्र हळू आवाजात उत्तर देत.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. दुसऱ्याच्या तोंडाचा स्पर्श नको, या सबबीवर जास्त मजुरीच्या मागखात्याची दारं दलित कामगारांना बंद ठेवली गेली. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय ठामपणे पुढे आणला. आजोबांचे कष्ट खरेच होते, पण आमच्या घराला ज्या मजुरीने वर काढलं ती वाट इतरांसाठी अडवलेली होती. त्यांचा अभिमान बाळगताना मला हे लपवायचं नाही.

मुंबईत त्यांचं घर असं नव्हतंच. लालबागला गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली होती. भिंतीला टांगलेल्या ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचे उठून गेले की तिसऱ्या पाळीचे त्याच जागी आडवे व्हायचे. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे शेजारच्या चाळीतली एखादी बाई, बहुधा गावाकडचीच, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीसपंचवीस माणसांना रांधून घालणारी. हिशेब पगारानंतर, गावी गेल्याचे खाडे वजा करून. महिनाभर उधारीवर बाजार भरणाऱ्या या बाया सावकाराच्या कचाट्यात असत. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना या बायांना मागवाल्यांच्या बरोबरीचं पान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आजोबांची हिशेबाची एक वही आमच्याकडे आहे. खानावळ, खोलीचं भाडं, विडी, गावमंडळाची वर्गणी आणि मग सगळ्यांत मोठा आकडा: मनीऑर्डर. विडीचा आकडा काही महिन्यांत नाहीसा होतो. त्याच महिन्यांत धाकट्या भावाची फी भरलेली दिसते. बहिणीचं लग्न, बैलजोडी, चिरेबंदी भिंती, वडिलांची पुस्तकं, सगळं त्या वहीत ओळीने आहे. स्वतःसाठी सदरा घेतल्याची नोंद शोधावी लागते.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी छोटी जागा असे. त्यात ते तीनचार ओळी लिहीत: गाईला काय झालं, पोराचा ताप उतरला का, छपराचे नळे पावसाआधी परता. प्रेम, माया असले शब्द त्यात कुठे नाहीत. आजी अंगठा उठवायची, पोस्टमन साक्षीदाराची सही घ्यायचा आणि तो तुकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. वडिलांना आपले वडील असे पोस्टमनच्या आवाजात भेटले. वर्षातून एकदा, गणपतीला किंवा शिमग्याला, ते प्रत्यक्ष दिसत.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आजोबा काही महिने खोलीवर थांबले, मग गावी आले आणि भातशेतीला लागले. पन्नाशी ओलांडलेली होती. मनीऑर्डर थांबली तेव्हा वडील नोकरीला लागले होते, म्हणून आमची चूल विझली नाही. पुष्कळ घरांची विझली. हा संप रीतसर मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या आणि जमिनींवर मॉल नि मनोरे उठले.

कामगारांच्या वाट्याला आलं ते घराचं आश्वासन. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेला कामगार, तो हयात नसल्यास त्याचा वारस, यांना म्हाडाच्या सोडतीतून घर, अशी योजना. मोठी सोडत 2012 साली निघाली. अर्ज लाखाच्या वर आणि घरं त्यामानाने फार थोडी. पात्रता ठरते ती गिरणीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती, कामगार विमा योजनेचं कार्ड अशा कागदांवर. आजोबांनी ट्रंकेत एकही चिठ्ठी टाकून दिली नव्हती. त्यामुळे वारस म्हणून आजीचा अर्ज पात्र ठरला. सोडतीत तिचं नाव अजून लागलेलं नाही.

संपाच्या वेळी पंचविशीत असलेले कामगार आज सत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात असा कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि कामाचंच विचारा. खातं कुठलं, माग किती, जॉबर कोण, पाळी कुठली, खानावळ कुणाची, पहिल्या पगारातून गावी किती पाठवले. सांगतील ते लिहून घ्या आणि ट्रंकेतले कागद एकदा नीट लावून ठेवा.