उंदरांनी शिकवलेला उन्हाचा धडा

घरात उंदीर दिसला की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. पण इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका प्रयोगशाळेत चिमुकले उंदीर मोठ्या निगुतीनं पाळले गेले. कशासाठी? तर ऊन आणि कातडीचा कॅन्सर यांचं नातं उलगडण्यासाठी!

कातडीला रंग देणाऱ्या पेशी बिघडल्या की ‘मेलानोमा’ हा घातक कॅन्सर होतो. यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठींत ‘ब्राफ’ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, हे २००२ साली कळलं. माणसाला मुद्दाम रोग लावून पाहता येत नाही, आणि उंदरांना हा रोग आपणहून सहसा होत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी उंदरांच्या रंगपेशींत नेमका तोच बिघाड घडवून आणला.

अमाया विरोस या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी या उंदरांच्या पाठीवर उन्हातले अतिनील किरण सोडले. माणसाची कातडी जराशी भाजेल, इतकेच. तेवढ्यानंही रंगपेशी भराभर वाढू लागल्या. पुन्हा पुन्हा किरण दिल्यावर गाठी वाढल्या. कॅन्सरला लगाम घालणारं एक जनुक अशा सुमारे ४० टक्के गाठींत बिघडलेलं आढळलं. किरण न लागलेल्या उंदरांत मात्र एकातही नाही! हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

मग सनस्क्रीन? तेही लावून पाहिलं, चांगलं ५० एसपीएफचं. गाठी उशिरा आल्या खऱ्या, पण यायच्या त्या आल्याच.

म्हणून काय ट्यूब फेकून द्यायची? छे! उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे, पण इशारा घ्यायलाच हवा. क्रीम चोपडलं म्हणजे भर दुपारी गच्चीवर पापड वाळवत बसायला मोकळीक मिळाली, असं समजू नका. छत्री, डोक्यावर पदर, लांब बाह्या आणि सावली यांना तोड नाही.

आपल्या सावळ्या वर्णाचं संरक्षण मोठं, त्यामुळे हा रोग आपल्याकडे कमी. पण झालाच तर तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे दोष उन्हाचा नसतो. तेव्हा भेगांना मलम लावताना स्वतःचे तळपाय नीट न्याहाळा, सासूबाईंचेही बघा. एखादा तीळ वाढतोय, कड वेडीवाकडी झालीय, रंग बदललाय, रक्त येतंय, असं दिसलं तर घरगुती लेप लावत बसू नका. सरळ डॉक्टरांना दाखवा. वेळीच काढलेला तीळ जीव वाचवतो.