डोंगरातल्या गावाला एसटीने जायचंय? आधी वेळापत्रक समजून घ्या



आपल्या इंदिरानगरात एक बस चुकली तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या काही पाड्यांवर दिवसभरात दोन-तीनच फेऱ्या असतात. एक चुकली की दिवस गेलाच म्हणून समजा! म्हणून आज आपण गावच्या एसटीचं वेळापत्रक कसं वाचायचं ते पाहू.

१) मुक्कामी गाडी म्हणजे काय?
ही गाडी संध्याकाळी गावात जाते. चालक-वाहक रात्री तिथेच मुक्काम करतात आणि भल्या सकाळी गाडी परत निघते. असं का? कारण गावकऱ्यांना सकाळी कॉलेज, दवाखाना, तहसील, बाजार गाठायचा असतो आणि संध्याकाळी घरी यायचं असतं. आपल्याला मात्र नेमकं उलटं हवं असतं. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. म्हणजे ही गाडी आपली सोय बघून ठरलेलीच नाही.

२) वाटेवरचं गाव की शेवटचं गाव?
कळसूबाई (उंची १,६४६ मीटर) चढायला आपण बारी गावात उतरतो. बारी हे घोटी–भंडारदरा रस्त्यावर आहे. त्यामुळे पुढच्या गावांना जाणाऱ्या गाड्याही चालतात. गाडीच्या पाटीवर ‘बारी’ शोधत बसू नका, ‘मार्गे’ काय लिहिलंय ते वाचा. जिथे रस्ताच संपतो, अशा गावाला मात्र त्याच गावाची गाडी लागते. नाहीतर फाट्यावर उतरून पायी चालायचं.

३) काय विचारायचं?
नाशकात सीबीएस, मेळा, महामार्ग अशी वेगवेगळी बसस्थानकं आहेत. गाडी कुठून सुटते ते आधी विचारा. गावाच्या नावासोबत तालुकाही सांगा, कारण एकाच नावाची गावं अनेक असतात. गाडीत बसताच कंडक्टरकाकांना विचारा, “परतीची शेवटची गाडी किती वाजता?” आणि हो, शाळेच्या वेळेला धरून असलेली फेरी रविवारी बंद असू शकते. आपण तर रविवारीच निघतो!

४) ही गाडी कोणाची?
१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आज ‘मानव विकास’ची निळी बस खेड्यातल्या मुलींना शाळेत नेते. प्रवासी नाहीत म्हणून फेरी बंद पडली, तर आपल्याला सहलीला दुसरं ठिकाण सापडेल. पण त्या पाड्यावरच्या मुलीला रोज फाट्यापर्यंत चालावं लागेल, कदाचित शाळाही सुटेल. म्हणून शक्य असेल तिथे एसटीनेच जा, तिकीट काढा आणि गर्दी असेल तर दप्तरवाल्यांना, आजी-आजोबांना जागा द्या.

उपक्रम : जवळच्या बसस्थानकावर पालकांसोबत जा. डोंगराळ भागातल्या एका गावाच्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहा. त्या वेळा पाहून गावातले लोक कोणत्या कामासाठी प्रवास करत असतील, ते पाच वाक्यांत लिहा.